स्विच पतसंस्थेचा, नोंदणी माझ्या ईमेलवर

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर विक्री आणि नेटवर्किंगची कामं करणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र. दुकान त्यांचं आणि मेहुण्याचं मिळून. पतसंस्था, दवाखाने, दोन शाळा अशी गिऱ्हाइकं. गेली काही वर्षं बिझनेस वर्गातले स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे), फायरवॉल (नेटवर्कची राखण करणारे), ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे) बसवताना कंपनी आधी नोंदणी मागते. खातं उघडा, सिरीयल नंबर टाका, ओटीपी द्या, मग पुढचं. काम संध्याकाळपर्यंत उरकायचं असतं आणि व्यवस्थापक म्हणतात, "तुमच्याच ईमेलवर टाका, आम्हाला त्यातलं काय कळतंय." असं करत बहुतेक ठिकाणची नोंदणी दुकानाच्या एकाच जीमेलवर झाली. आता एका पतसंस्थेने एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, दुसऱ्याला दिली आहे. नवा माणूस फोनवर म्हणतो, उपकरणं तुमच्या खात्यातून सोडा. पण त्याच पतसंस्थेकडे या वाचकांचं दोन वर्षांच्या एएमसीचं येणं बाकी आहे. मेहुणा म्हणतो, पैसे आल्याशिवाय सोडायचं नाही, तेवढंच तर हातात आहे. पत्नी म्हणते, नको ती भानगड, सोडून मोकळे व्हा. वाचक विचारतात, "नोंदणी सक्तीची आहे, सरकारनेच केलेली असणार. पार्टीने सांगितलं म्हणून माझ्या नावावर केली. मग ती धरून ठेवली तर चुकलं कुठे? आणि यापुढे असला माल विकणंच बंद करू का?"

नमस्कार,

आधी तुमच्या पैशांबद्दल. दोन वर्षं तुम्ही हाक मारली की धावत गेलात, बिलं दिलीत, आणि ती थकली. हे येणं तुमच्या हक्काचं आहे आणि ते मागताना अजिबात संकोच करू नका. ते कसं मागायचं ते पुढे सविस्तर लिहितो. पण तुमच्या पत्रात बिल आणि नोंदणी यांचा गुंता झालाय, तो आधी सोडवू.

नोंदणी "सरकारनेच सक्तीची केलेली असणार" असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. सरकारी नोंदणी वेगळी, आणि ती उपकरण बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने करायची असते. स्विचसोबत येणारा ॲडॉप्टर उलटा करून पाहा, त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर दिसेल. इलेक्ट्रॉनिक आणि आयटी वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश 2012 साली निघाला, त्यातला हा नंबर. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की खरा की खोटा ते कळतं. दूरसंचार उपकरणांसाठी टीईसी या सरकारी केंद्राची सक्तीची चाचणी आणि प्रमाणपत्र आहे, वायफायच्या रेडिओसाठी डब्ल्यूपीसी या सरकारी कार्यालयाची मान्यता आहे. या सगळ्यात गिऱ्हाइकाने काहीही भरायचं नसतं. स्विच चालू करताना पडद्यावर ईमेल मागितला जातो ती कंपनीची स्वतःची अट आहे. पतसंस्थेने परदेशातल्या कंपनीकडे खातं उघडलंच पाहिजे असं सांगणारा कायदा नाही. एकदा हे ध्यानात आलं की "सरकारने करायला लावलं" हा आधार उरत नाही. दुसरीकडे तुमचा एक हक्कही मोकळा होतो. ही अट किती कडक आहे, हे माल घेण्याआधी विचारून घेण्याचा आणि न पटल्यास दुसरा माल घेण्याचा.

कारण अट सगळीकडे सारखी नसते. नेटगिअरच्या काही स्मार्ट स्विचमध्ये नोंदणी न करता लॉगिन केलं तर मोजकीच पानं उघडतात, नोंदणी झाली की बाकीची. फोर्टिनेटचा फायरवॉल नोंदवल्याशिवाय त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. सिस्को मेराकीचा तर सगळा कारभारच क्लाउडमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरवरून चालतो. तिथे सिरीयल नंबर एका संस्थेच्या खात्यात क्लेम झाला, म्हणजे नोंदवला गेला, की त्या खात्याने सोडेपर्यंत दुसऱ्या कुणाला तो घेता येत नाही. शिवाय तिथलं लायसन्स संपलं आणि त्यानंतरची 30 दिवसांची सवलतही गेली, की जुन्या को-टर्म (सगळ्या लायसन्सची एकच शेवटची तारीख) पद्धतीत उपकरणं काम करणंच थांबवू शकतात. याउलट टीपी-लिंकच्या ओमाडामध्ये क्लाउड खात्याशिवाय स्थानिक कंट्रोलरवर (सगळी उपकरणं एका जागेवरून सांभाळणारं, आपल्याच ऑफिसात बसवलेलं) किंवा नुसतं एकेक उपकरण सुटं चालवता येतं, आणि मायक्रोटिकच्या राउटरबरोबर त्याचं लायसन्स येतंच, नोंदणीसाठी कुणी अडवत नाही.

रीसेटचं बटण दाबून धरलं की उपकरण कोरं होतं, असं आपल्या धंद्यात सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. उपकरणातला पासवर्ड आणि सेटिंग जातं, हे खरं. पण कंपनीच्या सर्व्हरवर सिरीयल नंबरापुढे ज्याचं नाव आहे, ते तसंच राहतं. त्यामुळे नवा माणूस रॅकसमोर बसून कितीही वेळा रीसेट करो, त्याने नोंदणी तुमच्या जीमेलवरून हलणार नाही. मेहुणा म्हणतो तसं हे नुसतं "तेवढंच" नाही. पतसंस्थेचं अख्खं नेटवर्क तुमच्या मुठीत आहे, आणि म्हणूनच ते असं धरून ठेवणं मला योग्य वाटत नाही. घर बांधून देणाऱ्या गवंड्याची मजुरी थकली तर तो तगादा लावतो, नोटीस देतो, कोर्टात जातो. पण त्या जागेच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून बसत नाही.

यातला त्रास किती लांबवर जातो त्याचं एक उदाहरण सांगतो. एका लहान रुग्णालयाचा फायरवॉल असाच बसवणाऱ्याच्या ईमेलवर होता. तो माणूस भला होता, कुणाशी वाकडं नव्हतं, पण अचानक वारला. फायरवॉलचे दिवे हिरवे होते, नेट चालू होतं, म्हणून बरेच दिवस कुणाला काही कळलं नाही. लायसन्स संपल्यावर कळलं. रिन्यूअलची सगळी स्मरणपत्रं त्या वारलेल्या माणसाच्या मेलमध्ये पडून होती, आणि ओटीपी त्याच्या बंद झालेल्या मोबाईलवर जात होता. कंपनीने मालकीचा पुरावा मागितला: मूळ बिल, लेटरहेडवर पत्र, सिरीयल नंबरच्या लेबलचा फोटो. बिल फाईलमध्ये सापडलं, पण त्यावर नुसतं "फायरवॉल 1 नग" लिहिलेलं होतं, सिरीयल नंबर नाही. खोका रद्दीत गेलेला. शेवटी अकाउंटंट बाईंनी रॅकमधून फायरवॉल बाहेर काढून, मोबाईलचा टॉर्च धरून, खालच्या लेबलचा फोटो काढला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. तोवर ओपीडीचं बिलिंग, लॅबचे रिपोर्ट, सगळं अपडेट नसलेल्या फायरवॉलमागे चालू होतं. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. नाव फक्त चुकीच्या जागी होतं.

तुमच्या बाबतीत हेतूचाही प्रश्न येतो, आणि तिथे कायदा जवळ येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये, ज्याला अधिकार आहे अशा माणसाला संगणक किंवा नेटवर्क वापरण्यापासून अडवणं हे नुकसानभरपाईचं कारण सांगितलं आहे. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम 66 लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे थकले म्हणून अडवलं हे तुमचं कारण प्रामाणिक आहे असं वकील मांडतीलही. पण आज थकबाकीदार ते आहेत, आणि उद्या पोलीस ठाण्यात खुलासा करायला तुम्ही उभे राहाल. एवढी उलथापालथ एका थकलेल्या बिलापायी का ओढवून घ्यायची?

"पार्टीनेच सांगितलं" हेही जरा तपासून पाहा. व्यवस्थापकांनी त्या संध्याकाळी तुम्हाला काम पुरं करायची मोकळीक दिली. संस्थेच्या वस्तूची मालकी तोंडी देण्याचा अधिकार त्यांना स्वतःलाही नाही. पतसंस्था सहकारी कायद्याखाली चालते, तिथे संचालक मंडळ असतं, ठराव असतात, दरवर्षी लेखापरीक्षण असतं. उद्या लेखापरीक्षकाने विचारलं की आपल्या सभासदांची खाती ज्या नेटवर्कवर चालतात त्याचा ताबा कुणाकडे, तर व्यवस्थापक "एका दुकानाच्या जीमेलकडे" असं म्हणणार नाहीत. ते तुमच्याकडे बोट दाखवतील.

तुम्ही थेट लिहिलेलं नाही, पण नोंदणी आपल्या नावावर असली की गिऱ्हाईक कुठे जात नाही, हा विचार पत्राच्या ओळींमधून जाणवतो. हे पतसंस्थेने खोटं ठरवलंच आहे, नोंदणी तुमच्याकडे असून ते गेले. मला जास्त काळजी वाटते ती त्याबरोबर आलेल्या जबाबदारीची. कंपन्या ईमेल जाहिरातींसाठी घेतात, हे खरं आहे. पण उपकरणात भोक सापडलं, खातं फुटलं, तर तोही निरोप त्याच ईमेलवर येतो. जानेवारी 2021 मध्ये नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या युबिक्विटीने आपल्या ग्राहकांना मेल पाठवून पासवर्ड बदलायला सांगितले होते. सप्टेंबर 2025 मध्ये फायरवॉल बनवणाऱ्या सॉनिकवॉलने कळवलं की ग्राहकांनी त्यांच्या क्लाउडमध्ये ठेवलेल्या फायरवॉल बॅकअपच्या फायलींपर्यंत बाहेरच्यांचा हात पोचला. आधी कंपनी म्हणाली की हे पाच टक्क्यांहून कमी फायरवॉलपुरतं आहे, आणि ऑक्टोबरात सांगितलं की ती बॅकअपची सोय वापरणारे सगळेच ग्राहक यात आले. असा मेल तुमच्या दुकानाच्या जीमेलवर येतो, ऑफर आणि बिलांच्या ढिगात पडतो. कुठल्या दवाखान्याचा, कुठल्या शाळेचा पासवर्ड आज रात्रीच बदलायचा हे त्यावरून कळायला हवं. शिवाय ते जीमेलच कुणी फोडलं तर तुमची सगळी गिऱ्हाइकं एका झटक्यात उघडी पडतात. दुकानात कामाला येणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर ते लॉगिन आहे का, हे आजच पाहा.

सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि लॉग (उपकरणांत आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस जपायचे आहेत. हे काम संस्थेचं. पण लॉग तुमच्या खात्यात आणि संस्थेला लॉगिन नाही, तर सहा तासांत ती कळवणार तरी काय?

आता त्या फोनचं काय करायचं. मेहुणा म्हणतो धरून ठेवा, पत्नी म्हणते सोडा. सोडावं हे मलाही पटतं, पण नव्या माणसाच्या हाती नको. त्याला सोडलंत तर उद्या तो स्वतःच्या ईमेलवर नोंदवेल, आणि दोन वर्षांनी तुमच्या जागी तो हेच पत्र लिहील. उपकरणं पतसंस्थेला द्या. अध्यक्ष आणि व्यवस्थापक दोघांच्या नावे पत्र लिहा. अमुक सिरीयल नंबरची उपकरणं संस्थेच्या मालकीची आहेत, बसवताना सोयीसाठी आमच्या ईमेलवर नोंदवली, ती संस्थेच्या नावावर करून द्यायची आहेत, त्यासाठी संस्थेचा अधिकृत ईमेल आणि मोबाईल कळवावा. ईमेल व्यवस्थापकांचा खासगी नको, ते उद्या बदली होतील किंवा निवृत्त होतील. संस्थेच्या डोमेनवरचा असला तर उत्तम, नाहीतर संस्थेसाठी वेगळा उघडलेला. ओटीपीसाठी मोबाईल कार्यालयाचा. ती माणसं बदलली तरी खातं संस्थेकडे राहील असं पाहायचं.

प्रत्यक्ष बदल काउंटर बंद झाल्यावर करा, चालू व्यवहारात मुळीच नको. आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या. मेराकीमध्ये उपकरण खात्यातून काढलं की त्याचं सेटिंगही जातं आणि शाखा बंद पडू शकते. त्यामुळे त्या पतसंस्थेचं खातं वेगळं असेल तर उपकरण काढण्यापेक्षा संस्थेला पूर्ण अधिकाराचा ॲडमिन करा आणि मग स्वतः बाहेर पडा, लायसन्सही जागच्या जागी राहील. सगळी गिऱ्हाइकं एकाच खात्यात कोंबलेली असतील तर काम किचकट आहे, कंपनीच्या सपोर्टला आधी लिहा. फोर्टिनेटलाही मालकी बदलण्याची विनंती पाठवावी लागते. युबिक्विटीच्या युनिफाय मालिकेच्या कन्सोलमध्ये मालक बदलायची सोय आतच आहे. झालं की व्यवस्थापकांना त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच लॉगिनने उघडून दाखवा, पासवर्ड त्यांच्याकडून बदलून घ्या आणि कागदावर पोच घ्या. त्या पोचवर सिरीयल नंबर लिहा. आणि व्यवस्थापकांना सांगा की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (संस्थेच्या कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत) त्या वस्तूच्या ओळीत सिरीयल नंबर, नोंदणीचा ईमेल आणि लायसन्स संपण्याची तारीख लिहून ठेवा. पासवर्ड मात्र रजिस्टरमध्ये नको. हे रजिस्टर लेखापरीक्षक दरवर्षी बघतात, म्हणजे ती तारीख दरवर्षी कुणाच्या तरी नजरेखालून जाईल.

त्याच दिवशी, पण वेगळ्या पत्राने, पैसे मागा. दोन्ही गोष्टी एका पत्रात आणू नका. बिलवार यादी जोडा आणि संस्थेकडून शिल्लक मान्य असल्याचं सहीचं पत्र मागा. 31 मार्चच्या हिशेबासाठी असं पत्र मागणं रीतसर आहे, त्यांना नाही म्हणता येणं अवघड. हे पत्र फार मोलाचं आहे, कारण येणं वसूल करण्याच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्याआधी त्यांनी लेखी मान्य केलं तर मुदत नव्याने मोजली जाते. तुमचं सर्वात जुनं बिल कधीचं ते आधी बघा. तुमची उद्यम नोंदणी त्या कामाच्या आधीपासूनची असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा एमएसएमई कायदा 2006 तुमच्या बाजूचा आहे. काम स्वीकारल्यापासून, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. तक्रार सूक्ष्म आणि लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. यात एएमसी आणि दुरुस्तीसारखी सेवा बसते, नुसत्या विकलेल्या मालाच्या बिलाला अडचण येते, म्हणून सेवेची बिलं वेगळी काढा. एवढं सांगितल्यावर बहुतेक संस्था संचालक मंडळापुढे विषय ठेवतात. ठेवला नाही तर वकिलाची नोटीस.

असला माल विकणं बंद करू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सरसकट नको. चार कॉम्प्युटरच्या दवाखान्याला साधा अनमॅनेज्ड स्विच पुरतो, त्याला लॉगिनच नसतं. शाळेत कॅमेरे आणि ऑफिस वेगळं ठेवायचं असेल तर स्थानिक कंट्रोलरवर चालणारं घ्या, मुलांच्या शाळेला दरवर्षीच्या लायसन्सचा बोजा कशाला. पण पाच गावांत शाखा असलेल्या पतसंस्थेला क्लाउडचा खरा उपयोग आहे. पावसाळ्यात एखाद्या शाखेचा ॲक्सेस पॉइंट पडला की दुकानात बसून दिसतं, उगाच मोटारसायकल काढावी लागत नाही. तिथे नोंदणीची अट मी मान्य करीन. फक्त कोटेशन देण्याआधी डीलरकडून लेखी घ्या: खातं न उघडता काय चालतं, लायसन्स संपल्यावर काय बंद होतं, मालक बदलायचा तर काय लागतं. उत्तरं गिऱ्हाइकासमोर ठेवा आणि ठरवू द्या. विचारपूस आधीच का, तर धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आधार सहसा मिळत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्याला सूट आहे, पतसंस्थेला ती लागू करणं अवघड. नोंदणी भरताना जाहिरातींच्या चौकोनातली खूण काढा, आणि ज्या रकान्यावर तारा नाही तो रिकामा सोडा. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा 2023 चं तत्त्वही हेच आहे, हेतूला लागेल तेवढीच माहिती.

बाकी गिऱ्हाइकांचं काम उरतं. त्यांनी मागण्याची वाट पाहू नका. फायरवॉल असलेली ठिकाणं आधी घ्या, त्यातही ज्यांचं रिन्यूअल जवळ आहे ती सर्वात आधी. प्रत्येकाचं स्वतःचं खातं उघडा, मालक त्यांना करा आणि त्यांच्याकडून तुम्हाला दुसरा ॲडमिन म्हणून आमंत्रण घ्या. रोजचं काम तुम्हाला पूर्वीसारखंच करता येईल. एएमसी संपली की त्यांनी तुमचं नाव काढायचं, हे करारातच लिहा.

मेहुण्याला यात तोटा दिसेल, त्याचं समजू शकतं. त्याला हे काम फुकट करायला लावू नका. खातं उघडणं, दुहेरी ओटीपी लावणं, व्यवस्थापकांना शिकवणं, पोच घेणं, यात अर्धा दिवस जातो. नव्या कोटेशनमध्ये "नोंदणी व हँडओव्हर" ही वेगळी ओळ घाला आणि तिचे पैसे लावा. बिलावर प्रत्येक उपकरणाचा सिरीयल नंबर छापा. जुन्या गिऱ्हाइकांना मात्र हा बदल पुढच्या ठरलेल्या फेरीतच करून द्या, त्याचं वेगळं बिल लावू नका.